रोग्याच्या आधीं पुतळा

प्रत्येक डॉक्टराच्या आयुष्यांत पहिली शीर शोधण्याचा एक दिवस येतो. प्रत्येक परिचारिकेच्या हातांत, श्वास न घेणारें पहिलें मूल एके रात्रीं येतें. ही पहिली वेळ कोणालाही चुकलेली नाहीं. ती टाळतां आली असती तर जगांत कोणी वैद्य झालाच नसता. प्रश्न एवढाच कीं, ही पहिली वेळ कोणाच्या शरीरावर यावी? या प्रश्नाचें उत्तर कोणी उघडपणें देत नाहीं, पण व्यवहारानें तें केव्हांच देऊन टाकलें आहे. सरकारी रुग्णालयाच्या सामान्य कक्षांत, ज्याला "दुसरे मोठे डॉक्टर बोलवा" असें म्हणण्याची सोय नाहीं, त्याच्याच दंडावर शिकाऊ सुई तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा टोंचली जाते. सुखवस्तु घरांतील रोग्याच्या वाट्यास जो सफाईदार हात येतो, तो बहुधा कोणा गरिबाच्या अंगावर तयार झालेला असतो. आपण शहरांतील सुशिक्षित माणसें या ऋणाचा उल्लेख फारसा करीत नाहीं.

ही पहिली वेळ, आणि शक्य तर पहिल्या दहा वेळा, ज्याला वेदना होत नाहींत अशा वस्तूवर पार पाडाव्या, या विचारावर वैद्यकीय शिक्षणाची एक पद्धति उभी राहिली आहे. इंग्रजींत तिला सिम्युलेशन म्हणतात. आपण 'सराव-प्रसंग' म्हणूं. पुतळा, यंत्र, सोंग घेतलेला रोगी आणि लिहून ठेवलेला प्रसंग हीं तिचीं साधनें. यांपैकीं पुतळा सर्वांच्या डोळ्यांत भरतो. लिहिलेला प्रसंग मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, आणि माझ्या मतें सगळें शिक्षण त्याच्यांतच असतें.

आपल्या देशाला ही कल्पना नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. तेथें सरावाला 'योग्या' असा शब्द आहे, आणि ज्यानें शास्त्र पुष्कळ ऐकलें पण योग्या केली नाहीं तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र, असा तेथील आशय आहे. मग कोणता सराव कशावर करावा याची यादी येते, आणि ती वाचतांना आपण एखाद्या मंडईंतून चाललों आहों असें वाटतें. छेद घेण्याचा हात कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड आणि काकडी यांवर बसवावा. फोडण्याचा सराव पाण्यानें किंवा चिखलानें भरलेल्या कातडी पिशवीवर करावा. खरवडण्यासाठीं केंस न काढलेलें चामडें ताणून घ्यावें. शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा. नाडीव्रणाचा माग सळईनें घेण्यासाठीं किडीनें पोखरलेलें लांकूड, वेळू किंवा वाळलेला भोपळा. रुतलेली वस्तु ओढून काढण्यासाठीं फणसाचा आणि बेलाचा गर. शिवण्यासाठीं कापड आणि मऊ चामडें. पट्ट्या बांधण्यासाठीं तर चक्क कापडाचा माणूस करावा, असें सांगितलें आहे. बस्तीची नळी घालण्याचा सराव पाण्यानें भरलेल्या घड्यावर.

या यादींत एक मार्मिक गोष्ट आहे. कमळाचा देठ माणसाच्या हातासारखा मुळींच दिसत नाहीं. त्यांत रक्त नाहीं, कातडी नाहीं. पण पातळ भिंत ओलांडून सुई पोकळींत शिरली कीं बोटांना जें एक हलकें सुटल्यासारखें जाणवतें, तें त्या देठांत आहे. ज्यानें यादी केली त्यानें प्रत्येक कर्मांतील एकच अवघड क्षण हेरला आणि तेवढाच देणारी वस्तु शोधली. कोहळ्याची जाड साल आणि आंतील मऊ गर यांच्यामध्यें सुरी कशी अचानक पुढें जाते, हें कोणत्याही गृहिणीला ठाऊक असतें. शस्त्रवैद्याला सांभाळावयाचा असतो तोहि तोच क्षण. साधन खऱ्यासारखें दिसलें पाहिजे हा आग्रह अलीकडचा आहे. तो नेहमीं बरोबर असतो असें नाहीं.

युरोपांत हेंच काम एका सुइणीनें केलें. मादाम द्यू कूद्रे हिला फ्रान्सचा राजा पंधरावा लुई यानें १७५९ सालीं खेड्यापाड्यांतील स्त्रियांना प्रसूतिविद्या शिकविण्याची आज्ञापत्रें दिलीं. ती कापडाचा, चामड्याचा व कापूस भरलेला स्त्रीदेह आणि त्यांत बसणारें कापडी मूल घेऊन अनेक वर्षें गांवोगांव फिरली. शिकणाऱ्या पुष्कळ जणींना वाचतां येत नव्हतें. म्हणून त्यांच्या हातांनाच वाचावयास शिकविलें. विसाव्या शतकांत नॉर्वेंतील आस्मुन लेर्दाल या खेळणीं करणाऱ्या कारखानदारानें १९६० सालीं तोंडानें श्वास देण्याच्या सरावासाठीं मऊ प्लास्टिकचा पुतळा बाजारांत आणला. त्याचा चेहरा सेन नदींत सांपडलेल्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्यावरून घेतला, असें सांगतात. पुढें १९६८ सालीं अमेरिकेंत मायामी येथें हृदयाचे निरनिराळे आवाज काढणारा 'हार्वे' नांवाचा पुतळा तयार झाला. आतां तर घाम येणारे, डोळे मिटणारे, बोलणारे पुतळे मिळतात, आणि त्यांच्या किंमती ऐकून घाम आपल्यालाच येतो.

महाराष्ट्रांतील एक उदाहरण मला या सर्वांहून मोलाचें वाटतें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गांवांतील स्त्रियांना बालकांचा न्यूमोनिया ओळखावयास शिकवावयाचें ठरविलें. त्यासाठीं मिनिटाला श्वास किती हें मोजावें लागतें. पण सुईणींना साठांपर्यंत अंक येत नव्हते. तेव्हां त्यांनीं एक साधें उपकरण केलें. एका मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारीं तारेंत ओंवलेले मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं मणी ठरलेल्या खुणेपर्यंत गेले तर मूल आजारी. येथें शिकणाऱ्याला साधनाच्या मापानें कापण्याऐवजीं साधन शिकणाऱ्याच्या मापानें घडविलें गेलें. याच संस्थेनें १९९३ पासून घरोघरीं नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यांत नवजात मृत्यूंचें प्रमाण हजारीं ६२ वरून सुमारें २५ पर्यंत खालीं आलें. त्याचा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत छापला गेला.

आतां आपल्या भागाकडे वळूं. २०१९ पासून देशांतील एम्. बी. बी. एस्. चा अभ्यासक्रम कौशल्यांवर आधारलेला झाला आणि वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्यशाळा असणें आवश्यक ठरलें. २०२४ मध्यें बुलढाणा येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता मिळाली. त्याच्याहि आधींपासून अकोल्याचें महाविद्यालय आहे, आणि शेगांवहून तें रेल्वेनें तासाभराच्या आंतलें अंतर. शेगांवांत उपजिल्हा रुग्णालय आहे, भोंवतालीं प्राथमिक आरोग्य केंद्रें आहेत. म्हणजे पुतळे या जिल्ह्यांत येतील, कांहीं आले असतील. पण पुतळ्याबरोबर पेटींत जे तयार प्रसंग येतात ते कोणाचे? परदेशांतील एखाद्या नगरांत, सर्व औषधें हाताशीं असलेल्या, सहा जणांच्या पथकाच्या कक्षांतले. आपल्याकडे रात्रपाळीला एक वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक शिपाई. त्या परक्या प्रसंगावर सराव करून आलेला मुलगा येथें पहिल्याच रात्रीं सहाय्यकांना शोधीत राहील.

म्हणून प्रसंग आपलेच लिहिले पाहिजेत. एक लिहून पाहूं. ही कापसाची काळी जमीन. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत पिकावर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेंकडों रुग्णालयांत पडले. हा प्रसंग आपल्या नव्या डॉक्टराला पुस्तकांत भेटण्यापेक्षां आधीं पुतळ्यावर भेटलेला बरा.

लिहिणारा प्रथम चूक करतो ती अशी: तो कागदाच्या माथ्यावर 'विषबाधेचें ज्ञान करून देणें' असें लिहितो. ज्ञान करून देण्यासाठीं पुस्तक आहे. सराव-प्रसंगाच्या माथ्यावर डोळ्यांनीं पाहतां येतील अशाच गोष्टी लिहाव्या, आणि त्या तीनचारांहून अधिक नसाव्या. शिकणाऱ्यानें हातमोजे घालून रोग्याचे भिजलेले कपडे उतरविले का? अंग साबणपाण्यानें धुवविलें का? ॲट्रोपिन मागितलें का, आणि दर पांच मिनिटांनीं छाती ऐकून मात्रा वाढवीत नेली का? बस्स. मग रोगी उभा करावा. वय बत्तीस, सकाळपासून फवारणी, दुपारीं तीनला भावानें मोटारसायकलवर मध्यें बसवून आणला आहे. तोंडाला लाळ, अंगाला घाम, नाडी मिनिटाला ४८, बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या, छातींत घरघर.

यापुढचें लिखाण खरें कौशल्याचें. 'शिकणाऱ्यानें अमुक केलें तर काय, न केलें तर काय' हें प्रत्येक पायरीला लिहावें लागतें. कपडे तसेच ठेवले तर चौथ्या मिनिटाला परिचारिकेनें म्हणावें, "साहेब, माझ्या डोळ्यांना झोंबूं लागलें आहे." ॲट्रोपिन एकदां देऊन थांबले तर घरघर पुन्हां वाढवावी. बाहुली मोठी झाली म्हणून कोणी हात आखडता घेतला तर छाती ओलीच ठेवावी; कारण थांबण्याची खूण छाती कोरडी होणें आणि नाडी व रक्तदाब सांवरणें ही आहे, एकटी बाहुली नव्हे. उलट भान सोडून औषध देतच राहिले तर रोग्याला ताप चढावा आणि त्यानें बरळावें. भावाच्या हातीं एक चिठ्ठी असावी: 'औषधाची बाटली माझ्या पिशवींत आहे, पण विचारल्याशिवाय सांगूं नये.' अनुभवी परिचारिका बाटली पहिल्या मिनिटाला मागते. नवा डॉक्टर पुष्कळदां मागतच नाहीं.

याला लागणारें साहित्य पाहिलें तर हंसूं येईल. एक जुना सदरा, त्यावर वासापुरते रॉकेलचे दोन थेंब. बाहुल्यांचीं तीन चित्रें. मोबाइलवर छातीच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण. पाण्यानें भरलेल्या रिकाम्या कुप्या. या कुप्यांच्या बाबतींत मात्र हंसून चालणार नाहीं. प्रत्येकीवर लाल शाईनें 'केवळ सरावासाठीं' असें लिहिलें पाहिजे, सुरुवातीला आणि शेवटीं त्या मोजल्या पाहिजेत, आणि त्यांची पेटी औषधांच्या कपाटापाशीं फिरकतांहि कामा नये. सरावांतील पाणी खऱ्या रोग्याच्या शिरेंत औषध म्हणून गेलें तर ज्यासाठीं हा खटाटोप केला त्यालाच हरताळ फांसला जाईल.

कागद तयार झाला कीं तो लिहिणाऱ्यानें स्वतः चालवून पाहूं नये. त्यांत काय गृहीत धरलें आहे तें त्याला दिसत नाहीं. दुसऱ्याच्या हातीं द्यावा आणि आपण कोपऱ्यांत गप्प बसावें. त्याहून चांगलें म्हणजे वीस वर्षें प्रसूतिकक्षांत आणि अपघात-विभागांत काढलेल्या एखाद्या परिचारिकेला तो वाचावयास द्यावा. "असं होत नाही, साहेब. इतक्या वेळानं आलेला माणूस बोलत नाही," असें ती एका वाक्यांत सांगेल, आणि तुमचा अर्धा कागद खोडला जाईल. आपल्याकडे असे धडे लिहिण्याचें काम प्राध्यापकांकडे जातें; तें अशा बायकांकडे जावें, निदान त्यांच्याबरोबर बसून व्हावें, असें मला आग्रहानें म्हणावयाचें आहे.

प्रसंग दहा मिनिटांत संपतो. त्यानंतरचें बोलणें वीस मिनिटांचें असावें. या दुसऱ्या भागासाठींच पहिला भाग असतो. शिकविणाऱ्यानें लगेच चुका वाचून दाखविल्या तर विद्यार्थी मान खालीं घालतो आणि शिकणें थांबतें. त्याऐवजीं विचारावें, "तिसऱ्या मिनिटाला आपण थांबलां होतां, तेव्हां मनांत काय चाललें होतें?" उत्तर बहुधा अनपेक्षित असतें. मात्रा ठाऊक असते, पण एवढें औषध देण्याची भीति वाटलेली असते; किंवा परिचारिकेला धुण्यास सांगणें उद्धटपणाचें वाटलेलें असतें. हें अज्ञान नसून संकोच आहे, आणि संकोचावरचा उपाय कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नसतो. असे चारपांच प्रश्न धड्याच्या कागदावरच छापून ठेवावेत, कारण चांगला प्रश्न ऐनवेळीं सुचत नाहीं.

श्रोतेहो, आतांपर्यंत आपण पुतळ्याशीं बोललों. पण कांहीं धड्यांना पुतळा चालत नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें शेगांव तालुक्यांतील कांहीं गांवांत लोकांचे केंस थोड्याच दिवसांत मुळापासून गळूं लागले. पाण्यापासून गव्हापर्यंत नाना कारणांची चर्चा झाली, सेलेनियम या द्रव्याचें नांव पुढें आलें, दिल्लीहून तपासणी पथकें आलीं. पहिल्या आठवड्यांत आरोग्य केंद्राच्या दारांत जी माणसें उभीं होतीं त्यांना मात्र एकच विचारावयाचें होतें: "हें काय आहे, आणि माझ्या मुलीला होईल का?" ज्याचें कारण अजून कोणालाच ठाऊक नाहीं त्या गोष्टीबद्दल घाबरलेल्या माणसाशीं कसें बोलावें, हेंहि एक कौशल्य आहे. खोटा धीर द्यावयाचा नाहीं, 'तपासणी चालू आहे' एवढ्यावर बोळवणहि करावयाची नाहीं. त्यासाठीं सोंग घेतलेला रोगी लागतो. हा प्रकार अमेरिकेंतील हॉवर्ड बॅरोज यांनीं १९६३ सालीं शिक्षणांत आणला, आणि सोंगें वठविणाऱ्या माणसांची वऱ्हाडांत कधींच वाण नव्हती. दंडार करणाऱ्या गांवांत हा रोगी सहज मिळेल.

आणि त्यानें वऱ्हाडींत बोललें पाहिजे. पुण्याहून किंवा लातूरहून आलेल्या विद्यार्थ्याला "माह्या डोयापुढं अंधारी येऊन रायली" हें वाक्य एका दमांत ऐकवावें. 'डोया' म्हणजे डोळा, आणि 'येऊन रायली' म्हणजे या घटकेला येत आहे, हें त्याला कळलें पाहिजे. छापील मराठींत 'मला चक्कर येते' असें म्हणणारा पुतळा या तालुक्यांत कोणा रोग्यासारखा बोलत नाहीं. तयार धडे इंग्रजींतून मराठींत आणले तरी हें साधत नाहीं. ते येथें बसूनच लिहावे लागतात.

शेगांवचा आणखी एक प्रसंग डॉक्टरांसाठीं नाहीं. प्रकटदिनाला, रामनवमीला, आषाढीच्या पालखी-सोहळ्यांत या गांवीं माणसांचा पूर लोटतो. दर्शनाच्या रांगेंत एखादा वृद्ध कोसळला आणि त्याचें हृदय थांबलें, तर डॉक्टर पोंचेपर्यंतचीं मिनिटें शेजारीं उभ्या असलेल्या माणसाचीं असतात. छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीनें, सुमारें पांच सेंटिमीटर खोल दाबत राहावयाचें, एवढें त्याला यावें लागतें. संस्थानच्या सेवेकऱ्यांची शिस्त महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्यासाठीं या धड्यांत श्वास देण्याचा भाग वगळावा, नुसतें दाबणें शिकवावें. आणि गति पक्की करण्यासाठीं एखादें द्रुत लयीचें भजन टाळांवर मोजून निवडावें. टाळ धरणाऱ्या हाताला ती लय शिकवावी लागत नाहीं.

यावर कोणी शंका घेईल कीं, पुतळ्यावर जमलेलें माणसावर जमतें का? शंका रास्त आहे. टांझानियांतील हायडम या ग्रामीण रुग्णालयांत नवजात बालकाला श्वास देण्याचें एका दिवसाचें शिक्षण देण्यांत आलें. साधी पाण्यानें भरावयाची बाहुली, पिशवी आणि मुखवटा. कांहीं महिन्यांनीं पाहिलें तों बाहुलीवरचा हात सुधारला होता, पण खऱ्या बाळांच्या बाबतींत वागणुकींत फरक पडला नव्हता. पुष्कळ ठिकाणीं येथेंच पद्धतीला नांवें ठेवून बाहुली कपाटांत गेली असती. तेथें त्यांनीं ती कक्षांतच ठेवली आणि काम चालू असतांना थोड्या थोड्या दिवसांनीं, कांहीं मिनिटांचा सराव सुरू केला. तेव्हां पहिल्या चोवीस तासांतील बालमृत्यु कमी झाले. शिक्षण तेंच, बाहुली तीच. बदलली ती ठेवण्याची जागा आणि पुन्हां पुन्हां हात लावण्याची संवय.

तेव्हां शेगांवसारख्या ठिकाणीं सुरुवात करावयाची तर वातानुकूलित कौशल्यशाळेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. प्रसूतिकक्षाच्या भिंतीपाशीं एक टेबल, त्यावर बाहुली, पिशवी-मुखवटा आणि मराठींत लिहिलेला दोन पानांचा धडा, पाण्यानें भिजूं नये म्हणून प्लास्टिकमध्यें घातलेला. सकाळीं आठला पाळी बदलते तेव्हां येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोघींनीं मिळून पांच मिनिटें बाहुलीला श्वास द्यावा. शेजारीं एक वही असावी. धड्यांत काय चुकीचें आहे, कोणती पायरी येथें घडत नाहीं, कोणता शब्द कळला नाहीं, तें त्या वहींत लिहावें, तारीख घालावी, आणि सहा महिन्यांनीं त्या वहीवरून धडा पुन्हां लिहावा. जुना कागद फाडूं नये. त्याच्या मागें टांचून ठेवावा.